पाण्याची बाटली

लसीच्या डब्यात चार आइसपॅक असतात. आतलं तापमान 2 ते 8 अंशांबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे मी कर्जतच्या पहिल्याच उपकेंद्रावर शिकले. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला शिकायला मात्र बारा वर्षं लागली.

वाडीवर लसीकरणाच्या सत्राला निघायचं म्हटलं की आम्ही सिस्टर पाणी पीतच नाही. खांडसच्या पुढे भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाड्या. दिवसभर बाईमाणसाला आडोसा मिळायचा नाही. सकाळच्या चहानंतर थेट संध्याकाळी घरी आल्यावर तांब्या तोंडाला लावायचा. एका मे महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप भरला, आठवडाभर अंथरूण धरलं. माझी सत्रं शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरने केली, स्वतःची सांभाळून. ती परतली तेव्हा तिचाही चेहरा उतरला होता. ते मला फार लागलं.

आता सत्राची जागा ठरवण्याआधी मी आशाताईला विचारते, "ताई, वापरता येईल असा संडास कुणाकडे आहे?" सत्र त्याच अंगणात. तिथे पोचल्यावर आधी भाकरी खायची, मग रांग लावायची.

गरोदर बायांचं रक्त तपासून झालं की शेवटी आमची बोटं टोचायची. एका आशाताईचं हिमोग्लोबिन 8 च्या आसपास निघालं. ही बाई वर्षानुवर्षं वाडीभर लोहाच्या गोळ्या वाटत होती.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. रस्ता नाही, भर पावसात चिखलातून चढायचं. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. तेव्हापासून चढाच्या वाडीला जाणाऱ्या प्रत्येकीचं बीपी मी आधी बघते. उशीर झाला तरी चालेल.

पण आशाताईला "विश्रांती घे" असं कोणत्या तोंडाने सांगू? तिचा बराचसा मोबदला कामागणिक. काम बुडलं की पैसे बुडाले. आणि बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचंच असतं. ताईला ताप आला म्हणून बाळाचा सातवा दिवस थांबत नाही. अशा दिवशी तिला घरी बसवते आणि मी जाते. कधी ती ऐकतच नाही, मागून येते. मग वजनकाटा, थर्मामीटर, सगळी पिशवी माझ्या खांद्यावर घेते, आणि दोघी सावकाश चढतो.