नऊ खुर्च्या, वीस मिनिटं आणि संकासुर

आमच्या भागातल्या एका संग्रहालयात परवा लोकनाट्य आणि लोकनृत्याच्या वारशाचा कार्यक्रम झाला. बातमी मीच दिली होती, दीडशे शब्दांची, फोटोसकट. पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कोणी केलं, आभार कोणी मानले, एवढ्यात दीडशे शब्द संपतात. जे उरलं ते इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, रात्रीचं जेवण झाल्यावर वाचा.

पत्रिकेवर वेळ संध्याकाळी सहाची होती. दशावताराची मंडळी पाच वाजताच तोंडाला रंग लावून बसलेली. प्रमुख पाहुणे आले साडेसातला. व्यासपीठावर नऊ खुर्च्या, त्या नऊही भरल्या आणि त्यातले सात जण बोलले. प्रत्येकाने 'आपली कला सातासमुद्रापार गेली पाहिजे' हे सांगितलं. कला तोवर मागच्या खोलीत, पंखा नसलेल्या जागेत, घाम टिपत बसली होती.

मी मागे गेलो. माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ कलाकार आहेत, साठी उलटलेली, अजून स्त्रीपार्टी करतात. नऊवारी नेसून, अंबाडा बांधून बसले होते. म्हटलं, "काका, पाणी आणू?" तर म्हणाले, "नको ओ भाऊनु. ओठाचो रंग जाता. आमका येळ किती गावतलो तेवढा इचारून येवा."

विचारून आलो. वीस मिनिटं. साडेनऊला वॉचमन कुलूप लावणार होता.

काका हसले. "वीस मिनटात गणपतीच येवन जातलो. आख्यान खंय लावू?"

इथल्या वाचकांना हे समजावायला नको, पण मुंबई-पुण्याचे मित्रही वाचतात म्हणून थोडं सांगतो. दशावतार म्हणजे देवळासमोर रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं नाटक. आधी आड दशावतार, म्हणजे पूर्वरंग. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते. मग वेद चोरणारा काळा संकासुर. सगळी पात्रं देवाधर्माच्या भाषेत बोलतात आणि हा एकटा मालवणीत बोलून भटजीची फिरकी घेतो. विष्णूच्या हातून तो मेला की पुराणातलं मुख्य आख्यान लागतं. पायपेटी, पखवाज, झांज. लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी कोणता प्रवेश कोणी करायचा ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभं राहून रचले जातात. समोर बाया-माणसं चादरी अंथरून बसलेली, पोरं झोपलेली, बाजूला खाजाची दुकानं. दिग्दर्शक नाही, प्रॉम्प्टर नाही, मेकअपमन नाही. प्रत्येकजण आपला आरसा, आपला रंग. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण या मंडळींवरूनच पडली आहे. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला पायी निघावं लागायचं. आता टेम्पो आहे, बोजा तोच.

तर परवा त्या वीस मिनिटांत मंडळींनी काय केलं? गणपती आला, गेला. सरस्वती उभ्या उभ्या आली. आणि संकासुर आला तो थेट त्या नऊ रिकाम्या खुर्च्यांकडे बघतच आला. (पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता, ते निघून गेले होते.) भटजी म्हणाला, बाबा रे तू आलास कशाला? तर संकासुर म्हणतो, "मियां वेद चोरूक इलंय. बघतंय तर माजो येळ ह्येंनी आधीच चोरून न्हेल्यानी!"

हॉल असा हसला की वॉचमनसुद्धा आत डोकावला. संध्याकाळभरात पहिल्यांदा त्या इमारतीत वारसा नावाची वस्तू दिसली. हे वाक्य कुठल्या पोथीत नव्हतं, उद्या कुठल्या जत्रेत म्हटलं जाणार नाही. काचेच्या कपाटात संकासुराचा मुखवटा ठेवता येईल, त्याखाली माहितीची पाटी लावता येईल. त्याचा हजरजबाबीपणा कसा ठेवणार?

नाटक-नृत्याच्या संग्रहालयाची अडचण इथेच आहे. नाण्यांचं, मूर्तींचं, शस्त्रांचं संग्रहालय कार्यक्रमाशिवाय चालू शकतं. तलवार म्यानातही तलवारच असते. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलाकार बसून काम करतात, आपण शेजारी उभं राहून बघतो, तेही जमतं, कारण ते काम टेबलावर मावतं. नाटकाचं तसं नाही. ते करायला माणसं लागतात, समोर माणसं लागतात आणि वेळ लागतो. त्यामुळे अशा संग्रहालयात कार्यक्रम हा सणासुदीचा गोडाचा पदार्थ नव्हे, रोजची भाकरी आहे. आपल्याकडे तो फक्त दिनविशेषाला होतो. २७ मार्च जागतिक रंगभूमी दिन, २९ एप्रिल नृत्य दिन, १८ मे संग्रहालय दिन, ५ नोव्हेंबर मराठी रंगभूमी दिन. बॅनर बदलतो, खुर्च्या त्याच.

आणि यातले पहिले तीन दिवस बघा कुठे येतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कंपन्या रोज रात्री बाहेर, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. आदल्या रात्रीचं जागरण करून आलेल्या माणसाला आपण सत्कारासाठी दुपारपासून बसवून ठेवतो. मिरग पडला की मात्र जत्रा बंद. मग मुंबईतले प्रयोग आणि हॉलमधले संयुक्त दशावतार सोडले तर बहुतेक कलाकार घरी, शेतात. नेमक्या त्या चार महिन्यांत डोक्यावर छप्पर असलेल्या संग्रहालयात शुकशुकाट. आंबोलीला धबधब्याखाली गाड्यांची रांग लागते, ती माणसं संध्याकाळी हॉटेलात टीव्ही बघतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून 'पर्यटकांना संध्याकाळी दाखवायचं काय' हा प्रश्न मी पत्रकार परिषदांमध्ये ऐकत आलोय.

दाखवता येतं याचा पुरावा लांब शोधायला नको. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे आवडतं ते हे की बाहुली नुसती टांगलेली नसते. ती नाचवायची, चित्रं एकामागून एक धरून कथा सांगायची, ही विद्या घरातच आहे. वस्तू सांभाळणारा आणि ती चालवणारा वेगळा नाही. एरवी पिंगुळीची जुनी चित्रं बाहेरच्या संग्रहांत गेली, 'पैठण शैली' नावाने ओळखली गेली. छान जपली गेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे ती चित्रं झाली. कथा इथेच राहिली.

दुसरं उदाहरण लांबचं. मागच्या वर्षी घरच्यांना घेऊन उदयपूरला गेलो होतो. पिछोला तलावाच्या काठी बागोर की हवेली आहे, तिथे संग्रहालय. संध्याकाळी सातला त्याच हवेलीच्या चौकात तासभर कार्यक्रम. तिकिटाची रांग होती. सातच्या ठोक्याला निवेदिका उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि बाजूला झाली. घूमर, तेरहताली, कठपुतली, शेवटी डोक्यावर घागरींची उतरंड घेऊन भवाई. आठला संपलं. उद्या पुन्हा सातला. पाहुणा नाही, शाल नाही, नारळ नाही. त्याच शहरात देवीलाल सामर यांनी १९५२ साली सुरू केलेलं भारतीय लोक कला मंडल आहे. तिथेही बाहुल्यांचं संग्रहालय आणि बाहुल्यांचा खेळ एकाच आवारात.

सगळंच मला आवडलं असं नाही. हवेलीतला खेळ पर्यटकांच्या मापाने कापलेला आहे, तीच माळ रोज ओढायची. आपला संकासुर तिथे आठवड्यात कंटाळून पळून जाईल. पण त्या कलाकारांना उद्या संध्याकाळी सात वाजता आपण कुठे असणार हे ठाऊक असतं. आमच्या काकांना जून महिन्यात ते ठाऊक नसतं. आणि गंमत म्हणजे बागोर की हवेली चालवणाऱ्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या सदस्य राज्यांत गुजरात, राजस्थान, गोव्याबरोबर महाराष्ट्रही आहे. म्हणजे पद्धत परकी नाही, आपल्याच केंद्राची आहे.

हे सगळं आता लिहायचं कारण असं की आमच्या शहरात लोककला दालन करायचं घाटतंय. चर्चेत जे ऐकतो त्यात काचेची कपाटं आहेत, फायबरचे पुतळे आहेत, बटण दाबल्यावर वाजणारी ध्वनिफीत आहे, सेल्फी पॉइंट तर आहेच. रंगमंचाबद्दल विचारलं की उत्तर येतं, "मागे मोकळी जागा आहे ना!" मोकळ्या जागेत जुलैमध्ये नाटक करून दाखवा.

माझं म्हणणं मोठं नाही. रोज नको, शनिवार पुरे. जून ते सप्टेंबर साधारण सतरा शनिवार होतात. संध्याकाळी सहा ते साडेसात. त्यातली पहिली वीस मिनिटं रंगपटात, प्रेक्षकांनी बघत उभं राहायचं. धोतर-मिशीतला माणूस आरशासमोर बसून हळूहळू द्रौपदी होतो, हे बघणं कुठल्याही पुतळ्यापेक्षा भारी आहे आणि आमच्या शाळांतल्या निम्म्या मुलांनी ते पाहिलेलं नाही. मग आड दशावतार, मग एखादा प्रवेश. एक शनिवार पिंगुळीच्या बाहुल्यांना, एक फुगडीला, एक आता उभ्या राहिलेल्या महिला दशावताराला. तिकीट लावा. मानधन प्रयोग संपल्यावर हातात द्या. पासबुकाच्या झेरॉक्स तीन-तीनदा मागून चार महिन्यांनी चेक काढण्याची पद्धत मी बघितली आहे. सत्कार करायचाच असेल तर प्रयोगानंतर करा. पाहुणे थांबतात का तेही कळेल.

'रोज कोण येणार?' असं एक पदाधिकारी मला म्हणाले. जत्रेत कोण येतं? तिथे तर पहाटेपर्यंत बसतात, पत्रिका न छापता.

दालनासाठी जुन्या वस्तू गोळा करायचं कामही सुरू आहे म्हणे. एका कंपनीच्या मालकाकडे पेटारा मागितला गेला. त्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, खेळाआधी त्याची पूजा होते, हंगामात तो रोज रात्री वेगळ्या गावात असतो. मालकांनी मला फोनवर एवढंच विचारलं, "पेटारो थंय कपाटात ठेवलो, तर जत्रेक काय न्हेवचा?"

दालनाच्या आराखड्यात रंगमंच आणि रंगपट आहे का, आणि कार्यक्रमांसाठी वार्षिक तरतूद किती, या दोन प्रश्नांचा अर्ज मी माहिती अधिकारात सोमवारी दिला आहे. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोवर तुमच्या गावच्या कंपन्यांपैकी पावसात कोण मोकळं असतं ते कमेंटमध्ये लिहा, यादी करायला घेतली आहे.