वहिनीची सही

परवा मेट्रोने गिरगावला गेले. मरोळ नाक्याला बसले ती थेट गिरगाव! ही भुयारी गाडी ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथवर पोहोचली, पण माझा मुहूर्त आत्ता लागला. सरकत्या जिन्याने वर आले आणि दिशाच कळेना. जिथे लग्न होईपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत राहिले, तिथे मला रस्ता विचारावा लागला!

आमची चाळ तीन मजली, लाकडी जिन्याची. खोली १८० चौरस फुटांची आणि माणसं सात. पण अडचण कधी वाटलीच नाही. गॅलरीत अभ्यास, गॅलरीत भांडणं, रात्री पुरुषमंडळींच्या वळकट्याही गॅलरीतच. गणपतीत केशवजी नाईकांच्या चाळीत जायचंच. १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती तो. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली, तेव्हा बाबांनी आम्हाला खांद्यावर घेऊन, नाहीतर बोट धरून त्या गर्दीत नेलं होतं. १९६५ च्या युद्धात काचांना काळे कागद लावून सगळा मजला एका रेडिओभोवती बसायचा.

या आठवणी मी कितीदा सांगितल्या असतील! म्हणून तर चाळ पाडायची ठरली तेव्हा जीव कळवळला.

चाळ मोडकळीला आली होती हे खरं. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, तेवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती कशाला करतोय! पाठीमागे टेकू लागले होते. २०११ साली बिल्डर आला. ७० टक्के भाडेकरूंची संमती हवी होती. दादा तोवर गेला होता, भाडेपावती वहिनीच्या नावावर झाली होती. मी फोन करून म्हटलं, "वहिनी, तू सही करू नकोस. आईबाबांची वास्तू आहे ती."

"बघते वन्सं," एवढंच ती म्हणाली. आणि तिने सही केली.

मला राग आला. ती संक्रमण शिबिरात होती तेवढी वर्षं मी एकदाही गेले नाही. नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले, पण पाहुण्यासारखी जेवून परतले.

परवा तिने वॉकर धरून दार उघडलं. मुलगा-सून कामावर गेलेले. हातपाय धुवायला गेले, तर संडासात भिंतीला धरायला दांडी लावलेली. बाहेर आल्यावर मी सहज म्हटलं, "सोय छान झाली गं."

तर म्हणाली, "वन्सं, बेचाळीस वर्षं मी टमरेल घेऊन वीस दारांसमोरून गेले. मामंजी गॅलरीत पेपर वाचत बसलेले असायचे. बाळंतपणात तेच, गुडघे गेल्यावरही तेच. तुमचा फोन आला ना, त्या दिवशी सकाळीच मी तिथे घसरून पडले होते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"हे काय फोनवर सांगायचं?"

मला एकदम आई आठवली. ती रोज चारला उठायची. पाणी भरायला, असं आम्ही समजायचो. पाणी तर यायचंच, पण गॅलरीतले पुरुष जागे व्हायच्या आत तिला जाऊन यायचं असे. हे मला पंचाहत्तरी उलटल्यावर कळावं!

शाळेत मी 'माझे बालपण' हा निबंध दरवर्षी लिहून घ्यायची. गणपती, गॅलरी लिहिणाऱ्याला चांगले गुण. कुणी टमरेलाबद्दल लिहिलं असतं तर मी लाल शाईने खोडलंच असतं. माझ्या स्वतःच्या आठवणीतूनही मी ते तसंच खोडलं होतं.

"चुकलं माझं, वहिनी," मी म्हटलं.

"चहा घ्या आधी, निवतोय." मग थोड्या वेळाने दाराकडे बघत म्हणाली, "एक मात्र आहे हो. इथे दार दिवसभर बंद असतं. कुणी डोकावत नाही."

असो. पुढच्या महिन्यात चार दिवस राहायला जाणार आहे. आणि भाचरांनो, हे वाचत असाल तर ऐका: गिरगावच्या बाजूला गेलात की फोनबिन करत बसू नका. सरळ जाऊन बेल वाजवा. दार उघडायला तिला थोडा वेळ लागतो, तेवढं थांबा.