गाडीचं गोत

पेण-रोह्याच्या पट्ट्यात राहून जुनी वेगवान गाडी बाळगायची असेल, तर ती घेताना अश्वशक्ती किती, साल कोणतं आणि किलोमीटर किती हे तिन्ही प्रश्न मागच्या बाकावर बसवावेत, असं माझं ठाम मत आहे. पहिला प्रश्न गोताचा. या गाडीची सख्खी-चुलत भावंडं कोण, ती अजून रस्त्यावर आहेत का, आणि त्यांतलं एखादं तरी आपल्या गावात रोज शाळेची पोरं किंवा कंपनीचे कामगार वाहतं का? स्थळ बघताना जुनी माणसं मुलाच्या पगाराआधी त्याच्या घरी अडीअडचणीला कोण धावून येतं याची चौकशी करायची. जुन्या गाडीबाबतही तीच चौकशी उपयोगी पडते. आपल्या बाजारातली वेगवान गाडी म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या साध्या गाडीलाच जोरकस इंजिन, ताठ स्प्रिंगा आणि बरे ब्रेक देऊन काढलेली आवृत्ती असते. शोरूममध्ये तिचा भाव चढतो तो या वेगळेपणामुळे. दहा वर्षांनी ती चालू राहते ती मात्र साध्या भावंडांच्या जिवावर.

पुण्या-ठाण्यात राहणाऱ्याला हे कदाचित पटणार नाही, कारण तिथे हरेक कंपनीचं वर्कशॉप हाताशी असतं. इथली तऱ्हा वेगळी आहे. पेण-नागोठण्याच्या महामार्गाकडेची आणि रोह्यात धाटावच्या बाजूची गॅरेजं ट्रक, टँकर, बोलेरो, ईको आणि विक्रम-मिनीडोर यांच्यावर पोसलेली आहेत. तिथले हात कच्चे नाहीत. लोअर आर्मचा बुश प्रेसवर काढून नवा बसवणं, व्हीलबेअरिंगचा आवाज नुसत्या कानाने ओळखणं, ही कामं ते शहरातल्यापेक्षा चोख करतात. अडतं ते दोन ठिकाणी, सुट्या भागापाशी आणि स्कॅनरपाशी. जर्मन गाडीसाठी पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते, आणि बंद पडलेली गाडी तिथवर टोइंगच्या ट्रकवरच जाते. त्यात इथली हवा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, खारेपाटावरून येणारा दमट वारा आणि २०११ पासून रुंदीकरणात असलेला पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा, यांच्यामुळे झिजणारे भाग लवकर झिजतात. ब्रेकचं तेलच बघा. डॉट ४ जातीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. हे तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. कोकणात हा नियम पाळणं साध्या गाडीला हिताचं, वेगवान गाडीला अनिवार्य. लिंक रॉड, स्ट्रटचे माउंटिंग, स्टीअरिंगचे बॉलजॉइंट यांचंही तेच. गाडी वेगवान असो वा संथ, हे भाग इथे घ्यावेच लागतात. ते गावात मिळतात की नाहीत, एवढाच काय तो फरक.

गोताचा सगळ्यात बोलका पुरावा फियाट पुंटोत सापडतो, आणि ती आपल्याच राज्यात, रांजणगावला तयार होत होती. एकाच पत्र्याखाली तिला दोन टोकांची नशिबं मिळाली. डिझेल पुंटोत १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन होतं. तेच इंजिन परवान्याखाली मारुतीने स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, सियाझमध्ये घातलं, टाटांनी व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये घातलं. देशात या इंजिनाइतकं मोठं गोत दुसऱ्या कुठल्या मोटारीच्या डिझेल इंजिनाला क्वचितच लाभलं असेल. बीएस-६ आल्यावर २०२० च्या सुमारास त्याचं उत्पादन थांबलं, तरी डिझेल डिझायर आजही टॅक्सी म्हणून धावतात आणि त्यांच्यासाठी सुटे भाग दुकानात येत राहतात. दुसरं टोक अबार्थ पुंटोचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत आलेली ही गाडी, १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटनमीटर, चारही चाकांना डिस्क. त्या किमतीत तसा दणका दुसरं कोणी देत नव्हतं, आणि ती चालवायला आजही झकास आहे. पण टी-जेटचं घराणं लिनिया, पुंटो आणि अव्हेंच्युरा यांच्या थोड्या टर्बो गाड्यांत संपतं, आणि फियाटने स्वतःच्या नावाने इथे मोटारी विकणंही थांबवलं. म्हणजे अबार्थचं दार, दिवा, काच, वायपरची मोटर यांना पुंटोचं गोत आहे. टर्बो, क्लच आणि इंजिनावरचे सेन्सर जवळजवळ पोरके आहेत. म्हणूनच रोह्यात राहणाऱ्या हौशी माणसाने मला विचारलं तर मी ९० अश्वशक्तीची मल्टिजेट पुंटो सुचवीन. तिचा बदलत्या भूमितीचा टर्बो एसएक्स४ आणि अर्टिगाच्या डिझेलमध्येही आहे, स्टीअरिंग त्याच हायड्रॉलिक जातीचं, वळणावरची पकड तीच. अंगात जोर कमी, हे मान्य. पण चालू असलेली ९० ची गाडी दारात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या १४५ च्या गाडीपेक्षा नेहमीच वेगवान असते.

यावरून दुर्मीळ गाडी सरसकट वाईट, असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. संख्या आणि गोत या वेगळ्या गोष्टी आहेत. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ ही २०२० मध्ये भारतात फक्त २०० आली, पण तिचं दोन लिटरचं टीएसआय इंजिन ज्या घराण्यातलं आहे ते सुपर्ब, कोडियाक, टिग्वान आणि ऑडीच्या अनेक गाड्यांत पसरलेलं आहे. भाग महाग असतील, पण ते आहेत. याउलट फोक्सवॅगनची पोलो जीटीआय घ्या. २०१६ च्या अखेरीस ९९ गाड्या परदेशातून तयार आणून विकल्या, किंमत पंचवीस लाखांच्या पुढे. १.८ लिटरचं इंजिन ऑक्टाव्हिया-सुपर्बच्या गोतातलं, म्हणजे तिथे चिंता नाही. पण ती तीन दारांची, आणि चाकणला बनलेल्या हजारो पोलो पाच दारांच्या. तिचं लांब दार, त्या दाराची काच, मागच्या बाजूचा पत्रा यांतलं काहीही भारतीय पोलोवरून उतरवता येत नाही. नागोठण्याच्या बाजारात एखाद्या टेम्पोने दार दाबलं, तर १९२ पीएस काही कामाचे नाहीत. शिवाय पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पेणच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या एमएच ०६ च्या दारात, जावंच लागेल. २०२२ पासूनच्या कोष्टकात देशात बनलेल्या मोटारीला ५,००० रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये शुल्क आहे. सरकारही शेवटी गोतच विचारतं.

गोत कधीकधी नंतरही वाढतं, ही त्यातली गंमत. बलेनो आरएस २०१७ मध्ये आली तेव्हा तिचं एक लिटरचं बूस्टरजेट टर्बो इंजिन मारुतीच्या घरात एकटंच होतं, आणि २०२० च्या सुरुवातीला गाडीच बंद झाली. जुन्या बाजारात तिला पोरकी म्हणून मागणी कमी. मग २०२३ मध्ये फ्राँक्समध्ये त्याच घराण्याचं इंजिन परतलं. सगळे भाग जसेच्या तसे बसतील असं नाही, भाग क्रमांक जुळवूनच घ्यावं लागतं. पण मेकॅनिकचा हात आता त्या इंजिनावर बसू लागला आहे, आणि बाकीची गाडी तर बलेनोच. टिआगो जेटीपीचंही असंच. टाटा आणि जयेम यांचा तो भागीदारीतला उपक्रम फार चालला नाही, पण इंजिन नेक्सॉनच्या कुळातलं आणि अंग टिआगोचं असल्याने गाडी उघडी पडली नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की दुर्मीळ गाडी भाव धरून ठेवते आणि गोतवाली गाडी पुन्हा विकताना मातीमोल होते. आक्षेपात तथ्य आहे. चांगल्या राखलेल्या ऑक्टाव्हिया आरएसला गिऱ्हाईक पटकन मिळतं. पण भाव टिकतो तो बंद गॅरेजात, कोरड्या गावात, कमी चालवलेल्या गाडीचा. इथे कौलारू पडवीत गाडी ठेवली तरी एका पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो, अर्थिंगच्या टोकांवर हिरवट बुरा धरतो आणि उंदीर वायरिंगवर ताव मारतात. गुंतवणूक म्हणून गाडी घेणाऱ्याने ती घाटावर ठेवावी. दुसरा आक्षेप आजच्या काळाचा, की आता कोणताही भाग परदेशातून घरपोच मागवता येतो. येतो खरा, सीमाशुल्क भरून आणि आठवडे थांबून. पण भाग येईपर्यंत गाडी उभी राहते, आणि दमट हवेत उभं राहणं हेच गाडीला सर्वांत जास्त बाधतं. चुकीचा भाग आला तर परतीचा वेळ धरून पावसाळा संपतो. गोत असलेल्या गाडीची मेलेली भावंडंही कामी येतात. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात स्विफ्टचं काय मिळत नाही?

फेरफारांकडेही मी याच नजरेने पाहतो. जो फेरफार गाडीला तिच्या भावंडांपासून तोडतो तो टाळावा, आणि जो मूळ स्थितीला परतू शकतो त्याचा विचार करावा. रुंद रिम घातले की टायरची मापं, बेअरिंगवरचा ताण आणि स्टीअरिंगची भूमिती बदलते. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली तर महामार्गाच्या डायव्हर्जनवर तिचं पोट घासणारच. इंजिनाचं संगणकीय पुनर्लेखन, म्हणजे रिमॅप, दिसत नाही आणि मूळ फाइल जपली तर उलटवता येतं, म्हणून ते निरुपद्रवी समजलं जातं. इथे पुन्हा कुळाची मर्यादा बघावी लागते. फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटनमीटरसाठी आखलेला आहे. पोलो जीटी टीएसआय १.२ चा मूळ जोर १७५, म्हणजे तिथे जागा उरते. पण पोलो जीटीआयला कंपनीने नेमके २५०च दिले, आणि परदेशात हाताने गिअर टाकायच्या त्याच गाडीला ३२० दिले. म्हणजे इंजिनात जोर शिल्लक होता, गिअरबॉक्सने तो अडवला. त्यावर रिमॅप करणारा माणूस इंजिनाची तारीफ करतो आणि क्लचचा हिशेब बाजूला ठेवतो. कायद्याची बाजूही साधी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलामागे ५,००० रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कर्कश सायलेन्सरला आवाजाच्या नियमांचं वेगळं कलम आहे. विम्याचा दावा अडतो तो निराळाच. त्यापेक्षा ताजं ब्रेकतेल, दर्जेदार टायर, नवे बुश आणि नीट अलाइनमेंट एवढं केलं की निम्म्या जुन्या गाड्या कंपनीतून आल्या तशा चालू लागतात. हा फेरफार बहुतेक लोक करूनच बघत नाहीत.

गाडी तपासताना काय बघावं, हे गोतावरूनच ठरतं. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडालं. पूर पाहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, हे उघड गुपित आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहावं, सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीखालचा खळगा, गालिच्याखालची वायरिंगची जोडणी पाहावी. बुडालेल्या बलेनोचं वायरिंग बदलता येतं. अबार्थचं कुठून आणणार? डीएसजीची चाचणी मोकळ्या रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. गणपतीच्या आधीच्या दिवसांत मूर्तींचे टेम्पो आणि चाकरमानी यांनी वडखळ नाका तुंबलेला असतो. तिथे अर्धा तास रखडून क्लच तापल्यावर गाडी सुटताना थरथरते का, ते बघावं. कोकणात गाडी घेणाऱ्याला ही सोय फुकट आहे. अबार्थच्या टी-जेटमध्ये पेट्रोल इनटेक नळीत फवारलं जातं, त्यामुळे थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या टीएसआयसारखा व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याचा त्रास तिला फारसा नाही. पोरक्या गाडीचेही गुण असतात, ते नाकारू नयेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. एवढा हिशेब करायचा तर सरळ साधी स्विफ्ट घ्या की, हौस कुठे राहिली? मला वाटतं, हौसेला मोकळा रस्ता मिळण्यापेक्षा चालू गाडी मिळणं महत्त्वाचं. भिसे खिंडीतून रोह्याकडे उतरताना, कार्ले खिंडीच्या वळणांवर किंवा सुकेळी खिंडीत दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जी लय पकडते, तिला शंभरच्या वेगाची गरज नसते. सरळ स्टीअरिंग, भरवशाचे ब्रेक आणि अंगात थोडा शिल्लक जोर पुरतो. तो आनंद दर रविवारी मिळावा असं ज्याला वाटतं, त्याने गोत बघावं. ज्याला तो वर्षातून दोनदा मिळाला तरी चालतो आणि उरलेले महिने भाग शोधण्यातच रस आहे, त्याने जीटीआय घ्यावी. तोही एक छंद आहे, मला त्यात तुच्छ काही दिसत नाही. आल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये आली, १२० पीएसची, नेक्सॉनच्याच टर्बो इंजिनाची. अशा गाड्या जुन्या बाजारात येऊ लागल्या की त्या बघायला पुण्याला जाण्याआधी पेणच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेक्सॉनच्या टर्बोचा आणि क्लचप्लेटचा भाव विचारून घ्यावा. दुकानदार फळीवरून खोका काढून समोर ठेवतो की फोन फिरवायला लागतो, तेवढं बघून मग गाडीवाल्याशी किमतीचं बोलावं.