माझा आवडता प्राणी : गवत खाणारा डायनासोर

इयत्ता ४ थी

माझा आवडता प्राणी डायनासोर आहे. वर्गात सगळ्यांनी गाय, कुत्रा, मोर यांच्यावर निबंध लिहिले. मला पण गाय आवडते. आमची कपिला लई गुणाची आहे. पण हा डायनासोर कपिलासारखाच गवत खायचा आणि तो आपल्या महाराष्ट्रात राहत होता, म्हणून मी त्याच्यावर लिहितो. सगळी माहिती गुरुजींनी वाचून दाखवली आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरचं शेण सापडतं. हसू नका. ते शेण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे आणि त्याचा दगड झालेला आहे. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्याबरोबरच्या शास्त्रज्ञांनी ते दगड तपासले. त्यात त्यांना गवताचे कण दिसले. गवत कापताना पातं बोटाला कापतं ना, त्या पात्यात अगदी बारीक कण असतात. गारगोटी ज्या पदार्थाची असते त्याच पदार्थाचे ते असतात. ते पोटात विरघळत नाहीत आणि कुजतही नाहीत. गाईच्या शेणात पण ते असतात, गोवरीच्या राखेत पण असतात, फक्त आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. त्या दगडांत पाच तरी जातींच्या गवताचे कण होते. त्यात एक आपल्या भाताच्या घराण्यातलं गवत होतं.

ही बातमी २००५ साली सगळ्या जगाला कळली. त्याच्या आधी लोकांना वाटायचं की डायनासोरच्या काळात गवतच नव्हतं. चित्रं काढणारे लोक डायनासोरच्या पायाखाली गवत काढत नसत. पिसदुऱ्याच्या शेणामुळे त्यांना हिरवा रंग घ्यावा लागला.

हा लांब मानेचा, लांब शेपटीचा आणि खांबासारख्या चार पायांचा डायनासोर होता. त्याच्या सगळ्या घराण्याला टायटॅनोसॉर म्हणतात. वरोरा तालुक्यातच डोंगरगावला एका टायटॅनोसॉरची हाडं सापडली, त्याचं नाव इसिसॉरस. त्याचं डोकं सापडलेलं नाही. पण शेणावरून प्राण्याचं नाव कळत नाही. म्हणून शेणवाल्याला मी स्वतः नाव ठेवलं. आधी मी त्याला गवत्या म्हणत होतो. तर आजी म्हणाली, "आरं, गवत्या तर सापाचं नाव हाय." म्हणून आता मी त्याला पिसदुऱ्या म्हणतो.

पिसदुऱ्याचे दात बारीक, पेन्सिलीसारखे होते. त्याला चावता येत नव्हतं. तो पाला ओरबाडायचा आणि तसाच गिळायचा. कपिला दुपारी बसून रवंथ करते, तसं तो करत नसे. सगळं काम पोटाला. तो नुसतं गवतच खायचा असं नाही. शेणात ताडासारख्या झाडांचे आणि दुसऱ्या झाडांचेही कण आहेत. म्हणजे मान वर केली की झाड आणि खाली केली की गवत. मला त्याची मजा वाटते. आमच्या शेळीची पण अशीच तऱ्हा आहे.

आता त्याच्या पिल्लांचं सांगतो. टायटॅनोसॉर अंडी घालत. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात त्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडली, ते २०२३ साली जाहीर झालं. एक अंडं १५ ते १७ सेंटिमीटरचं, म्हणजे माझ्या अर्ध्या पट्टीहून थोडं जास्त. एवढ्या मोठ्या प्राण्याचं अंडं एवढंच! माती उकरून खड्ड्यात अंडी घालायची आणि वर माती लोटायची. घरटी इतकी जवळजवळ होती की आईला तिथे फिरायला जागाच नव्हती, तिच्या पायाखाली अंडी फुटली असती. म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात की अंडी घालून आई निघून जात असे. पिल्लांना आई दिसतच नसे.

माझी आई पण दिवाळीनंतर बाबांबरोबर ऊसतोडीला जाते. पण ती पाडव्याला परत येते आणि मधे फोन करते. मी आजीजवळ राहतो. पिसदुऱ्याच्या पिल्लांना आजी नव्हती.

गुजरातमध्ये धोली डुंगरी गावाजवळ एक दगड सापडला. धनंजय मोहबे नावाच्या शास्त्रज्ञांनी तो शोधला. त्यात टायटॅनोसॉरची अंडी आहेत, एक नुकतंच बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू आहे आणि एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साप आहे. साप साडेतीन मीटरचा होता. त्याला अख्खं अंडं गिळता येईल एवढा जबडा उघडता येत नव्हता, म्हणून तो पिल्लं बाहेर येण्याची वाट बघत असणार. तेवढ्यात वरून माती कोसळली आणि सगळे तसेच गाडले गेले. त्या सापाचं नाव २०१० साली ठेवलं, सनाजेह. मला वाटतं पिल्लाला पळता आलं असतं.

जी पिल्लं वाचत ती भराभर वाढत. मादागास्कर बेट फार पूर्वी आपल्या भारताला चिकटलेलं होतं. तिथेही टायटॅनोसॉर होते. तिथल्या एका पिल्लाची हाडं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, ते २०१६ साली छापून आलं. अंड्यातून निघाला तेव्हा तो तीन-साडेतीन किलोचा होता आणि दोन-अडीच महिन्यांच्या आतच ४० किलोचा झाला होता. मी दहा वर्षांत २४ किलोच झालो आहे. पण ते पिल्लू त्याच वयात मेलं. दुष्काळ पडला होता आणि त्याला खायला मिळालं नाही. हाडांवरून उपास पण कळतो. आजी सांगते, २०१९ साली आमच्याकडे दुष्काळ पडला तेव्हा कपिलाला चारा छावणीत न्यावं लागलं होतं, म्हणून ती जगली.

नंतर पृथ्वीवर मोठा अशनी पडला. आपल्याकडे त्या काळात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता, आमच्या शाळेमागचा काळा दगड त्याचाच आहे. मग सगळे मोठे डायनासोर मेले. गवत राहिलं.

आई पाडव्याला आली की मी तिला सापाची आणि पिल्लाची गोष्ट सांगणार आहे. आजी म्हणते नको सांगू, ती रडंल. मग मी तिला आधी शेणाची सांगणार.