बारमाही

‘गंगा आली’, म्हणजे अधूनमधून जमिनीतून उसळणारं पाणी कुंडांत आलं, ही बातमी राजापुरात कुणी हळू आवाजात सांगत नाही. मुंबईच्या चाकरमान्यांना फोन जातात, कोल्हापूरकडच्या गाड्या अणुस्कुरा घाट उतरून येतात आणि टेकाडावर वडाच्या पायथ्याशी असलेली १४ कुंडं माणसांनी फुलून जातात. यातले कितीतरी जण वर चढायच्या आधी उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यावर थांबतात, धारेखाली अंग शेकतात, ताजेतवाने होऊन पुढे निघतात. घरी गेल्यावर मात्र सांगतात ते गंगेबद्दलच. आम्हा इथल्या माणसांना हे लागतं. गंगा पाहुणी आहे. मन मानेल तेव्हा येते, मन मानेल तेव्हा जाते. झरा घरचा आहे.

राजापूरपासून तीनेक किलोमीटरवर, महालक्ष्मीच्या देवळाजवळ त्याचा मुक्काम. लांबून आधी वास येतो, गंधकाचा. नवखा माणूस नाक मुरडतो. पाणी ४० अंशांच्या थोडं वर. पहिला तांब्या चटका देतो, दुसरा सोसतो आणि तिसऱ्यानंतर उठावंसं वाटत नाही. मग नाकाची तक्रार आपोआप थांबते. लावणी करून कंबर धरलेल्या बायका, गुडघ्यांनी हैराण झालेले म्हातारे, खरजेनं बेजार पोराला काखोटीला मारून आलेली आई, सगळ्यांशी त्याचं वागणं एकच. या पाण्यानं त्वचेचे रोग जातात अशी इथली जुनी श्रद्धा. रोग जातो की नाही ते वैद्य-डॉक्टर जाणोत. आखडलेलं अंग मोकळं होतं हे मी स्वतःच्या अंगावर अनुभवलंय. वैशाखात जेवढी धार, तेवढीच पौषात, आणि कढही तोच.

त्याच्या गरमीमागे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेची वाट धरून वर येतं. पालघरच्या कोकनेरपासून सह्याद्री आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यात असे सुमारे ६० झरे आहेत, १८ ठिकाणी. तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे ही त्यातलीच नावं. उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या घरात जातं, तिथे हात घालायची छाती होत नाही. या रांगेच्या दक्षिण टोकाला असलेला आमचा झरा स्वभावानं मवाळ. थेट अंगावर घ्यावा असा.

राजापूरचं नशीब पाण्यानंच घडवलं आणि पाण्यानंच फिरवलं. एके काळी जैतापूरच्या खाडीतून गलबतं थेट इथवर येत आणि इथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढे. त्या व्यापाराच्या ओढीनं इंग्रजांनी इथे वखार घातली. वखारीच्या हेन्री रेव्हिंग्टननं १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवाजी महाराजांविरुद्ध सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठलं, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनला साथीदारांसह कैदेत टाकलं. कैदी सुटले ते १६६३ मध्ये. नंतर खाडी गाळानं भरत गेली, गलबतं खालीच थांबू लागली, बंदराचा बाजार तालुक्यापुरता उरला. अर्जुना आणि कोदवली या आमच्याच नद्या, पण पावसाळ्यात फुगल्या की जवाहर चौकातल्या दुकानांत शिरतात; व्यापारी रात्रभर माल माळ्यावर चढवत बसतात. गंगा पूर्वी साधारण तीन वर्षांनी यायची आणि तीनेक महिने राहायची. हल्ली तिचा तोही नेम राहिलेला नाही. इतक्या पाण्यांत दिल्या शब्दाला जागलेलं पाणी या झऱ्याचं एवढंच. गलबतांवरचे खलाशी आणि घाट उतरून आलेले बैलवालेही याच धारेखाली पाठ शेकत असतील असं मला मनापासून वाटतं. थकलेलं माणूस गरम पाणी सोडून पुढे जात नाही.

म्हणून गंगेच्या बातमीची वाट पाहू नका, ती नसताना या. पहाटे या, गर्दी नसते. झऱ्याजवळ साबण आणि शाम्पूच्या पुड्या आणू नका; वाहत्या पाण्यालाही घाण सोसण्याची हद्द असते आणि आजकाल कुंडाच्या कडेला सापडणारी रिकामी पाकिटं बघून जीव तुटतो. आधीच कुणी म्हातारं माणूस धारेखाली बसलेलं असेल तर त्याला उठवू नका. आपली पाळी येईपर्यंत पाय पाण्यात सोडून बसा. नंतर सावकाश धूतपापेश्वराच्या देवळात जा, बाजारात जेवा, आणि घरी गेल्यावर कुणी विचारलं, राजापुरात काय पाहिलं, तर आधी या झऱ्याचं नाव सांगा.