आईचे नाव कागदावर

रोजच्या रोझरीत आपण आपल्या मरणसमयाची आठवण पन्नासहून अधिक वेळा करतो. मात्र त्या समयानंतर घरादाराचे आणि लेकरांचे काय, हे कोणी विचारले की घरातील वडीलधारी मंडळी गप्प होतात. मृत्युपत्राचा विषय आपल्याकडे अजूनही अशुभ मानला जातो.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात आमचे काही काळ जाणे-येणे होते. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्या स्मरणात राहिला तो मात्र दुसऱ्या एका गावातील, एका घरचा वनहक्काचा कागद. घरधनिणीने तो पत्र्याच्या पेटीतून काढला. तिला वाचता येत नव्हते; पण नवऱ्याच्या नावाशेजारी आपले नाव कोठे आहे, ते तिने बोटाने अचूक दाखवले. असा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा, तो वारसांकडे जावा, पण विकता येऊ नये, असे २००६ च्या वनहक्क कायद्याने ठरवले आहे.

तो कागद पाहिला आणि आम्हाला आपला कायदा आठवला. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु आईचे काय? अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता वारला आणि त्याचे वडील हयात असले, तर सारी मालमत्ता वडिलांकडे जाते. ज्या आईने त्याला वाढवले, तिच्या वाट्याला काहीच येत नाही. अज्ञान मुलांसाठी मृत्युपत्राद्वारे पालक नेमण्याचा अधिकारही कलम ६० ने केवळ पित्याला दिला आहे. पतीच्या मागे एकटीने संसार ओढणाऱ्या विधवेला तो दिलेला नाही.

कायदा बदलत नाही, असे मात्र नव्हे. पूर्वी मृत्युपत्रावरून हक्क सिद्ध करायचा, तर ख्रिस्ती वारसाला न्यायालयातून प्रोबेट आणावे लागे. धानोऱ्यासारख्या ठिकाणी शेजारच्या हिंदू कुटुंबाला ही सक्ती नव्हती. २००२ साली ख्रिस्ती समाजही तिच्यातून मुक्त झाला, आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ते कलमच वगळले. धर्मादायासाठी दिलेल्या देणगीवर जाचक अटी घालणारे कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द ठरवले. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात पित्याच्या बरोबरीने आईचे नाव आले, ते २०१० साली. मृत मुलाच्या मालमत्तेत आईवडिलांना सारखा वाटा असावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१४ साली केली. ती मात्र अद्याप कायद्यात उतरलेली नाही.

तोवर उपाय आपल्याच हाती आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. नोंदणी हिताची असली तरी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही द्यायचे त्याला, अथवा त्याच्या पती वा पत्नीला, साक्षीदार करू नये. त्याचा लाभ बुडतो. विवाहानंतर जुने मृत्युपत्र रद्द होते, म्हणून ते नव्याने करावे. आणि मातांनो, मुलांचा सांभाळ कोणी करावा, ही आपली इच्छा तुम्हीही लिहून ठेवा. पालक नेमताना न्यायालयाने दिवंगत आईबापाची इच्छा विचारात घ्यावी, असे १८९० चा कायदा सांगतो. ती लिहिलेलीच नसेल, तर न्यायाधीशाने वाचावे काय?

धर्मग्रामातील कुटुंबांच्या सभेत एखाद्या जाणत्या वकिलाला बोलावून हा विषय एकदा मोकळेपणाने बोलला जावा. दुःखाच्या घरात भावाभावांचे वाद मिटवत बसण्यापेक्षा सुखाच्या दिवसांत कागद करून ठेवणे, हीदेखील आपल्या माणसांवरची मायाच आहे.