तिसरी बंदूक

खंडेनवमीला आमच्या पुण्यातील घरी पाटावर तीन बंदुका मांडल्या जात : पणजोबांची ठासणीची, आजोबांची दुनळी आणि वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली ३१५ बोअरची रायफल. मुळशीकडील शेतात रानडुकरांचा उपद्रव फार, त्यापायी पहिल्या दोन घरात आल्या. परवाना तिन्हींचा, वडिलांच्या नावे. आम्ही पडलो मराठीचे अध्यापक. हळदकुंकू वाहण्यापलीकडे आमचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने शस्त्र अधिनियमात दुरुस्ती केली. तोवर एका परवानाधारकास तीन अग्निशस्त्रे बाळगता येत. ती मर्यादा दोनवर आली. जास्तीचे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा. मूळ विधेयकात तर एकाच शस्त्राची मुभा होती. आक्षेप घेतले गेले, तेव्हा एकाची दोन झाली.

आमची पहिली प्रतिक्रिया संतापाची होती, हे कबूल करायला हवे. एकोणिसाव्या शतकातील निबंधवाङ्मय शिकवताना लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याविषयी आम्ही वर्गात तावातावाने बोलत आलो. युरोपीयांना मोकळीक आणि एतद्देशीयांना परवान्याची सक्ती, यातील मानहानी समजावताना आवाज आपोआप चढे. तोच सूर आम्ही घरीही लावला. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले.

"अरे, तेव्हा सरकार त्यांचं होतं. हा कायदा आपण निवडून दिलेल्यांनी केलाय. एकाच्या दोन झाल्या, त्याही कुणीतरी बोललं म्हणूनच ना?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

प्रश्न उरला, द्यायची कोणती? गंजलेली ठासणीची द्यावी, असे आम्ही सुचवले. व्यवहार पाहता तेच शहाणपणाचे होते. वडिलांनी रायफल बाहेर काढली. "वाडवडिलांच्या वस्तू देणारा मी कोण? माझी आहे ती देतो." ठाण्यातील अंमलदार अदबीने वागले, पावती मिळाली. परतीच्या वाटेवर वडील एक शब्दही बोलले नाहीत.

पुढे २०२३ च्या आरंभी पुण्यात कोयते नाचवून दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या वरचेवर येऊ लागल्या. कोयता बाजारात सहज मिळतो. आणि चोरटे पिस्तूल बाळगणारा परवाना मागायला जात नाही. त्याच दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली, हे खरे. परंतु शिक्षेसाठी आधी गुन्हेगार सापडावा लागतो. नोंदवहीत ज्याचे नाव-पत्ता आहे, त्याला शोधावे लागत नाही. म्हणून कायदा पहिल्यांदा पोहोचतो तो कायदा पाळणाऱ्याच्या दारी. ही खंत आम्हांला आहे. तरीही रायफल परत यावी, असे मात्र वाटत नाही. घरात शस्त्रे कमी असावीत, हे आम्हांला पटते. केवळ त्या पटण्याची किंमत आम्ही मोजली नाही, ती वडिलांनी मोजली.

आता पाटावर दोनच बंदुका असतात. एका नवमीला तिसरीच्या जागी आम्ही एक ग्रंथ ठेवून पाहिला. वडिलांनी तो उचलला, कपाळाला लावला आणि बाजूच्या पाटावर ठेवला. ती जागा त्यांनी तशीच मोकळी ठेवली.